लिनक्सवरचं बिल्ड विंडोजवर नेलं त्याची हकिकत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस आहे. खाली लेथ-मिलिंगचं वर्कशॉप, वर पोटमाळ्यावर आम्ही तिघं. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजणारं एक यंत्र आम्ही बनवतो आणि त्यातलं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मी लिहिते. सहा वर्षं ते उबुंटूवरच, म्हणजे लिनक्सवर, बिल्ड होत आलंय. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडमधून यंत्रात भरायची बिन फाइल बनवणं. बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली चारशे ओळींची एक मेकफाइल, तिच्या हाताखाली नऊ शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडींच्या याद्या. टर्मिनलवर मेक म्हणायचं, म्हणजे मेकफाइल वाचून काम करणारा प्रोग्रॅम चालवायचा, खालून चहा वर येईपर्यंत बिन फाइल तयार.

मे २०२४ मध्ये शिरोली एमआयडीसीतल्या एका मोठ्या ग्राहकाने नव्या ऑर्डरला अट जोडली. सोर्स कोडची प्रत त्यांच्याकडे राहील, आणि त्यांच्या मेंटेनन्सच्या माणसाला तो त्यांच्याच कॉम्प्युटरवर बिल्ड करता आला पाहिजे. अट रास्त होती. उद्या आमचं काम बंद पडलं तर त्यांची भट्टी अडता कामा नये. पण त्यांच्याकडे सगळे कॉम्प्युटर विंडोजचे. विंडोजच्या आत लिनक्स चालवायची जी सोय आहे, डब्ल्यूएसएल, ती त्यांच्या नियमात बसत नव्हती. व्हर्च्युअल मशीनही नाही. दादांना, म्हणजे आमच्या मालकांना, मी सांगितलं, "पंधरा दिवस लागतील." लागले दहा आठवडे. ३ जून ते १२ ऑगस्ट.

या दहा आठवड्यांत सी भाषेतली एकही ओळ बदलावी लागली नाही. सगळा वेळ दोन प्रश्नांनी खाल्ला. माझी कमांड नक्की कोणतं शेल (कमांडी वाचून त्या चालवणारा प्रोग्रॅम) चालवतंय? आणि त्या शेलला प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरातून सापडतोय? मला हे प्रश्न पाचव्या आठवड्यात नीट विचारता आले. तुमच्यावर असं काम येऊन पडलं असेल तर तुम्हाला ते पहिल्या दिवशी विचारता यावेत, म्हणून जे जसं घडलं तसं क्रमाने लिहितेय.

३ जून, सोमवार. शाहूपुरीतून विंडोज १० असलेला सेकंडहँड लॅपटॉप घेतला, १८,५०० रुपयांना. आपल्या रोजच्या मशीनवर शंभर गोष्टी आधीच बसलेल्या असतात, त्यामुळे काय कमी आहे ते कळत नाही, म्हणून वेगळा घेतला. त्यावर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम), जीएनयू मेक आणि एआरएम चिपसाठी कोड तयार करणारी जीसीसी टूलचेन टाकली. तिन्ही फुकट.

मेक म्हटलं आणि ते दुसऱ्याच ओळीला थांबलं. 'क्रिएटप्रोसेस फेल्ड', आणि शेवटी ई=२. विंडोजच्या भाषेत २ म्हणजे फाइल सापडली नाही. ओळ होती जुन्या फाइली पुसणारी, आरएम -एफ. आरएम नावाचा प्रोग्रॅम विंडोजवर नसतो, हे लगेच समजलं. पण काही ओळींना हा मेसेज येत होता आणि काहींना अगदी वेगळा, 'इज नॉट रेकग्नाइज्ड' असा. दोन दिवस त्या फरकावर गेले. मेकला ओळीत पाइप, रिडायरेक्शन, अवतरणचिन्ह असं शेलच्या कामाचं काही दिसलं नाही तर ते शेलला मध्ये घेतच नाही, प्रोग्रॅम थेट सुरू करायला जातं. ई=२ म्हणणारं मेक स्वतः असतं, 'रेकग्नाइज्ड नाही' म्हणणारं शेल असतं. मेसेज कुणाचा आहे हे ओळखलं की निम्मा शोध संपतो.

उपाय म्हणून गिटसोबत जे यूएसआर-बिन फोल्डर येतं ते मी पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरांत शोधले जातात त्यांच्या यादीत, टाकलं. आरएम, सीपी, ग्रेप, सेड, लिनक्सच्या असल्या सगळ्या कमांडी त्यात असतात. त्याशिवाय मेकफाइलमधली एक ओळ बदलावी लागली. तिथे मी आमचं टूल्स फोल्डर आणि जुना पाथ यांच्यामध्ये कोलन टाकून जोडला होता. विंडोजवर ड्राइव्हच्या नावातच कोलन असतं, सी: डी: असं, म्हणून पाथमधली फोल्डरं तिथे सेमीकोलनने वेगळी करतात. ते बदललं आणि गुरुवारी संध्याकाळी बिन फाइल बाहेर पडली. मी दादांना फोन केला, झालं म्हणून.

१४ जूनला, शुक्रवारी, पहिल्यांदा शिरोलीला गेले. अशा कंपन्यांत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते: गेटवर लॅपटॉपची कंपनी आणि सिरियल नंबर रजिस्टरात लिहावा लागतो, तो आधीच वहीत उतरवून न्या. पेनड्राइव्ह आत नेता येत नाही. फाइली दोन दिवस आधी त्यांच्या आयटीला मेलने पाठवायच्या. ते तपासून शेअर्ड ड्राइव्हवर ठेवतात. मेक आणि टूलचेन आयटीने माझ्या यादीप्रमाणे बसवून ठेवलं होतं. ज्या मुलाला हे शिकवायचं होतं तो नुकताच डिप्लोमा होऊन लागलेला, अतिशय नम्र, दर वाक्याला मॅडम. त्याने मेक चालवलं. दोन ओळी सरकल्या आणि थांबलं.

"मॅडम, हे फोल्डर कुणी केलंय?" त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. प्रोजेक्टच्या फोल्डरात दोन नवी फोल्डरं आली होती. एकाचं नाव बिल्ड. दुसऱ्याचं नाव एक आडवी रेघ आणि पुढे पी. नुसतं '-पी'.

त्या फोल्डरावर मी दोनदा क्लिक केलं. आत काही नव्हतं. माझ्या मेकफाइलमध्ये मेकडिर -पी बिल्ड अशी ओळ आहे. लिनक्सवर -पी म्हणजे मधली फोल्डरं लागतील तशी बनव आणि आधीच असतील तर तक्रार करू नकोस. विंडोजच्या स्वतःच्या शेलला, सीएमडीला, स्विच (कमांडीला द्यायचा पर्याय) कळतो तो स्लॅशने सुरू होणारा, रेघेने नाही. त्याला वाटलं दोन फोल्डरं मागितलीत, त्याने दोन्ही बनवून दिली. पुन्हा चालवलं तर म्हणे, '-पी आधीच आहे.'

म्हणजे इथे मेकफाइल सीएमडी चालवत होतं. मग माझ्या लॅपटॉपवर कोण चालवत होतं? उत्तर मेकच्या मॅन्युअलमध्ये मिळालं, त्या रात्री. विंडोजवर जीएनयू मेक पाथमध्ये एसएच.एक्झी शोधतं. मिळालं तर ते शेल. नाही मिळालं तर सीएमडी. गिटचं फोल्डर पाथमध्ये टाकताना मी नकळत शेलच बदललं होतं. एकच मेकफाइल, एका मशीनवर एका भाषेत वाचली जात होती आणि दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या. लिनक्सवर शेल हे व्हेरिएबल, म्हणजे त्या नावाने साठवलेली किंमत, मेक बाहेरून कधीच घेत नाही, विंडोजवर मात्र घेतं, हेही तिथेच वाचलं. म्हणजे कुणी कधीकाळी त्या नावाचं व्हेरिएबल करून ठेवलं असेल तर त्याचाही परिणाम होणार. तेव्हापासून कुठल्याही नव्या मशीनवर मी दोन गोष्टी आधी करते. मेकफाइलमध्ये शेल व्हेरिएबलची किंमत छापणारी एक ओळ टाकते, आणि कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर एसएच' विचारते. व्हेअर ही कमांड पाथमध्ये त्या नावाचे जेवढे प्रोग्रॅम आहेत तेवढे सगळे क्रमाने दाखवते. सगळ्यात वरचा चालतो.

साधा मार्ग दिसत होता, त्यांच्याही मशीनवर गिट बसवायचं. १७ जूनला त्यासाठी अर्ज केला. अर्ज दोन पानी. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, कुठून घेतलं, इन्स्टॉलरचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण), किती जागा लागते, इंटरनेट लागतं का, लायसन्स कोणतं. लायसन्सच्या रकान्यात मी जीपीएल, हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स, लिहिलं आणि फाइल त्यांच्या कायदा विभागात गेली. फुकट सॉफ्टवेअरने बिल्ड केलं तर आमचा कोडही उघडा करावा लागेल का, हा त्यांचा प्रश्न. मेक नुसतं वापरल्याने तसं होत नाही, आणि जीसीसी आपल्या आउटपुटमध्ये जो थोडा स्वतःचा कोड घालतं त्यासाठी त्याच्या लायसन्सला वेगळी सूट जोडलेली आहे. हे पत्रात लिहून दिलं. तरी घोषणापत्र लागलंच, १०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीचे २०० वेगळे. मान्यता २८ जूनला आली. अकरा दिवस.

मान्यता आली ती 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरापुरती. नावात मोकळी जागा. मेक फाइलींच्या याद्या मोकळ्या जागेवरच तोडतं, त्यामुळे तिथलं कुठलंही नाव यादीत आलं की त्याचे दोन तुकडे होतात, आणि अवतरणचिन्हांनी ते सुटत नाही. मला डी ड्राइव्हवर टूल्स नावाचं सरळ फोल्डर हवं होतं. त्यासाठी दुसरा अर्ज. आयटीचे साहेब समजूतदार होते, त्यांनी तो तीन दिवसांत केला. तुम्ही हे पहिल्याच अर्जात मागून घ्या. जागा नसलेलं, आखूड नावाचं फोल्डर. आखूड यासाठी की विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासूनचा तिचा पत्ता, साधारण २६० अक्षरांच्या वर गेला की बरेच प्रोग्रॅम अडतात.

त्या अकरा दिवसांत मी गिट बॅशमधून, म्हणजे गिटसोबत येणाऱ्या शेलमधून, सगळं चालवून बघत होते. आमच्या बोर्डवर फर्मवेअर चढवणारा एक जुना विंडोज प्रोग्रॅम आहे, त्याला /पोर्ट असा स्विच द्यावा लागतो. गिट बॅशमधून दिला तर तो तक्रार करायचा की 'सी:/प्रोग्रॅम फाइल्स/गिट/पोर्ट' हे काय आहे ते मला कळत नाही. मी हे कुठेच टाइप केलेलं नव्हतं. स्लॅशने सुरू होणारा शब्द दिसला की गिट बॅश तो लिनक्सचा पाथ समजतं, आणि विंडोजच्या प्रोग्रॅमच्या हातात देण्याआधी त्याच्यापुढे स्वतःचं इन्स्टॉल फोल्डर जोडून विंडोजचा पाथ बनवतं. सीएमडीला /सी द्यायला जावं तर त्याचा सी ड्राइव्ह होतो. सुरुवातीला एकाऐवजी दोन स्लॅश दिले तर हे टळतं. किंवा एमसिस_नो_पाथकन्व्ह नावाचं व्हेरिएबल तेवढ्या कमांडपुरतं १ करायचं.

या स्लॅशचं मूळ शोधताना एक जुनी गोष्ट कळली आणि मनातला राग बराच उतरला. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता, स्लॅश स्विचसाठी वापरात होता. १९८३ मध्ये डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा स्लॅश आधीच अडकलेला, म्हणून उलटा स्लॅश घेतला. जुन्या बॅच फाइली (कमांडींची यादी असलेल्या फाइली) मोडू नयेत म्हणून तेव्हा घेतलेला तो निर्णय होता. आजही विंडोजचे बहुतेक प्रोग्रॅम सरळ स्लॅशचा पाथ उघडतात. अडतात त्या सीएमडीच्या स्वतःच्या कॉपी, डेल असल्या कमांडी. मेकफाइलमध्ये म्हणूनच मी आता सगळीकडे सरळ स्लॅशच लिहिते.

३ जुलै, बुधवार. या दिवसाबद्दल लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. त्या मुलाच्या कॉम्प्युटरवर टूलचेनचं फोल्डर कायमचं पाथमध्ये घालायचं होतं. मी विंडोजची सेटएक्स ही कमांड वापरली: सेटएक्स पाथ "%पाथ%;डी:\टूल्स\बिन". स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वरची, डेटा १०२४ अक्षरांवर तोडला आहे असा इशारा. खालची, सक्सेस. मी खालची वाचली. विंडो बंद केली, नवी उघडली. टूलचेन सापडेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, पीएलसीचं सॉफ्टवेअरबी चालंना झालंय." पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर. मॅडमची ताई त्याच क्षणी झाले, घाबरल्यामुळे असेल.

झालं असं. विंडोजमध्ये पाथ दोन असतात, एक पूर्ण सिस्टिमचा, एक त्या वापरकर्त्याचा. %पाथ% म्हटलं की दोन्ही जोडून मिळतात, सिस्टिमचा आधी. सेटएक्सने ती सगळी जोडलेली ओळ वापरकर्त्याच्या पाथमध्ये लिहिली, आणि १०२४ अक्षरांनंतरचं टाकून दिलं. शेवटी काय होतं? त्या मुलाची स्वतःची फोल्डरं, त्यात पीएलसीचं, आणि सगळ्यात शेवटी मी नुकतं जोडलेलं आमचं. तेवढंच गेलं.

वाचवलं ते एका खाली दडवलेल्या विंडोने. त्याने सकाळी काहीतरी बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडला होता आणि तो तसाच होता. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना व्हेरिएबलांची स्वतःची प्रत मिळते. मागाहून मूळ बदललं तरी त्याच्या हातातली प्रत तशीच राहते. त्या विंडोत इको %पाथ% करून ती ओळ एका टेक्स्ट फाइलमध्ये घेतली. तेराशेच्या वर अक्षरं होती. प्रिंट काढला, पेन्सिलने सेमीकोलनवर रेघा मारल्या, सिस्टिमचा भाग वेगळा केला, उरलेली फोल्डरं सेटिंगच्या विंडोत एकेक करून परत घातली. पाऊण तास. तो मुलगा एकेक नाव मोठ्याने वाचत होता आणि मी खूण करत होते. पीएलसीचं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा दोघेही काही बोललो नाही.

आयटीच्या साहेबांना आम्ही स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी रजिस्टरात नोंद केली आणि नवी अट लिहिली: यापुढे कुठल्याही मशीनच्या कायमच्या पाथला हात लावायचा नाही. पाथ बदलणार असाल तर आधी त्याची प्रत फाइलमध्ये घ्या, आणि सेटएक्सऐवजी सेटिंगच्या विंडोतून बदला. बदल झाल्यावर जुन्या विंडो, एडिटर, सगळं बंद करून नव्याने उघडा, नाहीतर जुन्याच प्रतीवर काम चालू राहतं.

ती अट आली तेव्हा शिक्षा वाटली. पुढचं सगळं चांगलं मात्र तिच्यातूनच निघालं. गिटचं फोल्डर पाथमध्ये कायम ठेवण्याचा विचार तिथेच संपला, आणि संपला ते बरंच झालं, कारण त्यात फाइंड आणि सॉर्ट नावाचे प्रोग्रॅम आहेत, आणि विंडोजचेही त्याच नावाचे आहेत, काम वेगळं. पुढे असेल तो चालतो. त्यांच्या रिपोर्टच्या जुन्या बॅच फाइली विंडोजच्या फाइंडवर अवलंबून होत्या. त्या कधी मोडल्या असत्या कुणाला कळलंही नसतं.

मग वाटलं, सगळं शुद्ध सीएमडीतच लिहू. जुलैचे दहा दिवस त्यात घालवले आणि ते सोडून दिलं. थोडक्यात सांगते काय काय अडलं. सेट केलेल्या किमतीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली तर ती किमतीचाच भाग होते, म्हणून सेट "नाव=किंमत" असं पूर्ण अवतरणात लिहावं. इफच्या कंसात पाथ बदलायला गेले तर 'प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)' मधला बंद होणारा कंस सीएमडीला इफचा कंस वाटला. इथेही तीच अवतरणं वाचवतात. त्याच कंसात बदललेलं व्हेरिएबल वाचलं तर जुनीच किंमत मिळते, कारण पूर्ण कंस एकदम वाचून किमती आधीच भरल्या जातात. एकेरी अवतरणाला सीएमडीत काही अर्थ नाही, माझे सेडचे सगळे नियम एकेरीत. आणि शेवटी लिंकची, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फाइल करण्याची, ओळ. दोनशेच्या वर ऑब्जेक्ट फाइली, प्रत्येकीचा लांब पाथ. सीएमडीची मर्यादा ८१९१ अक्षरं. ती नावं एका फाइलमध्ये लिहून जीसीसीला @ लावून ती फाइल दिली की सुटतं. मेक ४.० पासून फाइल नावाचं फंक्शन आहे, ते ही यादी शेलला मध्ये न घेता लिहून देतं. दहा दिवसांतली ही एक गोष्ट आजही मेकफाइलमध्ये आहे.

१७ जुलैला बिझीबॉक्स सापडलं. विंडोजसाठीची त्याची आवृत्ती म्हणजे एकच एक्झी, एक एमबीच्या आतली. तिच्यात शेल आहे, आरएम, सीपी, सेड, ऑक, ग्रेप आहे. ती विंडोजचे पाथ आहेत तसे घेते, सेमीकोलन समजते, आणि शब्दांचे पाथ बनवत बसत नाही, त्यामुळे /पोर्ट हा /पोर्टच राहतो. गंमत वाटावी अशी तिची पद्धत आहे: तिला कोणत्या नावाने हाक मारली यावरून ती ठरवते कोणतं काम करायचं. तीच फाइल एसएच.एक्झी नावाने ठेवली की ती शेल होते. आरएम.एक्झी नावाने ठेवली की आरएम. मेक ज्या ओळी थेट सुरू करतं त्यांचा तो पहिल्या आठवड्यातला ई=२ अशा प्रती ठेवल्यावर गेला.

रचना आता अशी आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरात एक बॅच फाइल. ती आधी सेटलोकल म्हणते, मग पाथच्या पुढे आपल्या बिन फोल्डराचं नाव जोडते, शेवटी मेक चालवते. बॅच फाइल स्वतः ज्या फोल्डरात आहे त्याचं नाव %~डीपी० मधून मिळतं, शेवटच्या उलट्या स्लॅशसकट, त्यामुळे फोल्डर कुठेही हलवलं तरी चालतं. काम संपलं की पाथ होता तसा. मेकफाइलच्या सुरुवातीला तपास आहे: ओएस या व्हेरिएबलमध्ये विंडोज_एनटी असेल तर शेल म्हणजे आपलं एसएच.एक्झी, स्पष्ट लिहून. कुणाच्या पाथमध्ये काय आहे यावर आता काही अवलंबून नाही. नऊच्या नऊ स्क्रिप्ट जशाच्या तशा चालल्या, फक्त त्यांच्या ओळींच्या शेवटी गिटने घातलेली विंडोजची जादा खूण काढावी लागली. गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये स्क्रिप्टसाठी एलएफ (ओळ संपल्याची लिनक्सची खूण) आणि बॅचसाठी सीआरएलएफ (विंडोजची) लिहून ठेवलं की ते पुन्हा होत नाही.

बिझीबॉक्ससाठी तिसरा अर्ज २२ जुलैला दिला. त्या आठवड्यात पाऊस थांबेना. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि शिरोलीला जाणं बंद झालं. वर्कशॉपमधले निम्मे लोक घरचं सामान वर हलवायला गेले होते. मी घरी बसून एक काम हाती घेतलं जे कुणी मागितलं नव्हतं: लिनक्सवरची बिन आणि विंडोजवरची बिन अक्षरशः एकच आहे का?

नव्हती. टूलचेनची आवृत्ती दोन्हीकडे एकच असूनही. शोधल्यावर आत फाइलींचे पूर्ण पाथ सापडले, लिनक्सवर होम वगैरे, इथे डी:. अॅसर्ट, म्हणजे कोडमधली चूक पकडणारी तपासणी, आपल्यासोबत फाइलचं नाव बांधून नेतो. जीसीसीला फाइल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय दिल्यावर ते गेलं. तरी फरक उरला. ऑफिसच्या उबुंटू २०.०४ वर मेक ४.२.१ आहे आणि विंडोजवर मी ४.४ घेतलं होतं. वाइल्डकार्डने, म्हणजे नावाच्या नमुन्यावरून, आलेली फाइलींची यादी ४.३ पासून क्रमाने लागते, त्याआधीच्या काही आवृत्त्यांत डिस्क देईल तशी. लिंकमध्ये फाइलींचा क्रम बदलला की पत्ते बदलतात. यादीला सॉर्ट लावलं. २९ जुलैच्या रात्री दोन्ही एसएचए एकमेकांखाली ठेवून बोटाने एकेक अक्षर तपासलं. चौसष्टच्या चौसष्ट जुळली. आई झोपली होती, नाहीतर तिला उठवून सांगितलं असतं.

पाणी उतरल्यावर रस्ता सुरू झाला, तिसरी मान्यता ७ ऑगस्टला आली. एकूण खर्च लॅपटॉप धरून एकोणीस हजारांच्या थोडा वर गेला, शिरोलीच्या नऊ फेऱ्यांच्या पेट्रोलसकट.

१२ ऑगस्ट, सोमवार. आयटीचे साहेब, खरेदी विभागाचे एक जण आणि तो मुलगा. त्याने बॅच फाइलवर दोनदा क्लिक केलं. विंडोजवर हे बिल्ड लिनक्सपेक्षा सावकाश होतं, पावणेदोन मिनिटं लागली. मग त्याने सर्टयुटिल -हॅशफाइल चालवलं. ते विंडोजमध्ये आधीच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. मी ऑफिसच्या मशीनवरचा एसएचए कागदावर छापून नेला होता. तो स्क्रीनवरून वाचत गेला, साहेबांनी कागदावर पेन फिरवलं आणि खाली सही केली.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "ताई, स्क्रीनवर पहिलं जे नाव येतं ते बदलून बघू का?" त्याने ती फाइल स्वतः शोधली, कंपनीच्या नावापुढे त्याच्या भट्टीचा नंबर लिहिला, सेव्ह केलं आणि पुन्हा बॅचवर क्लिक केलं. मी खुर्चीमागे उभी होते. ओळी सरकत होत्या. बोर्डवर चढवायची कमांडही त्यानेच टाइप केली, /पोर्ट एका स्लॅशने, आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर भट्टी क्रमांक ३ आलं.